तहांनी कोणाला ओढून नेले? जुलै १९१४ची उलटतपासणी

पहिल्या महायुद्धाच्या कारणांची एक गोष्ट इतकी रुळली आहे की तिच्याविषयी शंका घेणेच अनेकांना विचित्र वाटते. युरोप दोन गटांत विभागलेला होता. एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली. दुसरीकडे फ्रान्स, रशिया आणि ब्रिटन. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होमध्ये युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्यांच्या पत्नी सोफी यांचा खून झाला, ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि मग तहांनी एकमेकांस बांधलेली राष्ट्रे एकामागून एक खाईत कोसळली. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. समाजमाध्यमांवर त्याचीच चित्रे फिरत असतात: रांगेत उभे केलेले पत्ते, पहिल्याला टिचकी, सगळे आडवे.

हे उत्तर मुळातच चुकीचे आहे, आणि ते तपासण्याची रीत अगदी साधी आहे. कोणत्या राष्ट्राने कोणाला लेखी काय वचन दिले होते, आणि वेळ आली तेव्हा त्याने काय केले, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायचे.

आरंभ सर्बियापासूनच करावा, कारण साखळीची पहिली कडी तीच मानली जाते. सर्बियाच्या मदतीला रशिया धावला. पण सर्बियावर हल्ला झाल्यास रशियाने युद्धात उतरले पाहिजे, असे बंधन घालणारा कोणताही तह या दोन देशांत नव्हता. स्लाव बांधवांविषयीची भावना होती, १९०८-०९मध्ये बोस्नियाच्या प्रश्नावर पत्करलेल्या माघारीची बोच होती, बाल्कन प्रदेशातील वजन टिकवण्याची इच्छा होती. तह नव्हता.

तह होता तो ग्रीसशी. १९१३च्या जून महिन्यात, दुसऱ्या बाल्कन युद्धाच्या तोंडावर, ग्रीस आणि सर्बिया यांनी परस्परसंरक्षणाचा करार केला होता. ऑगस्ट १९१४मध्ये ग्रीस तटस्थ राहिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बल्गेरियाने सर्बियाच्या पाठीत वार केला. मुख्यतः ज्या शत्रूला डोळ्यांसमोर ठेवून तो करार झाला होता, तोच हा शत्रू! तरीही राजा कॉन्स्टंटाइन हलला नाही. सर्बियाने कबूल केलेले दीड लाख सैन्य उभे केलेले नाही, तेव्हा करार लागू होत नाही, असा अर्थ लावण्यात आला. पंतप्रधान व्हेनिझेलोस यांना पद सोडावे लागले. (राजाची पत्नी कैसर विल्हेल्मची सख्खी बहीण होती, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी.) लेखी वचन देणारा घरी बसला आणि वचन न देणारा रणांगणात उतरला. साखळीचा सिद्धान्त पहिल्याच कडीला असा तुटतो.

इटलीचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा अर्थ कोणी लक्षात घेत नाही. १८८२पासून इटली त्रिराष्ट्र कराराची सभासद होती आणि १९१२च्या डिसेंबरात त्या कराराचे नूतनीकरणही झाले होते. युद्ध सुरू होताच तिने तटस्थता जाहीर केली. तिचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होते: करार बचावाचा आहे, आक्रमण ऑस्ट्रियाने केले आहे, शिवाय बाल्कनमध्ये काही करण्यापूर्वी मित्राशी विचारविनिमय करण्याचे कलम ऑस्ट्रियाने धाब्यावर बसवले आहे. मे १९१५मध्ये याच इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले.

रुमानियाची कथा तर नाट्यमय आहे. १८८३पासून तिचा ऑस्ट्रियाशी गुप्त करार होता. इतका गुप्त की देशातील मोजक्याच राजकारण्यांना त्याची वार्ता होती. ३ ऑगस्ट १९१४ रोजी सिनाया येथे राजा कारोलने सल्लागारांची बैठक बोलावली. राजा स्वतः होहेनझोलर्न घराण्याचा, म्हणजे कैसरच्याच भाऊबंदांपैकी. दिलेला शब्द पाळावा, असा त्याचा आग्रह होता. जवळजवळ सगळी बैठक त्याच्या विरोधात गेली. पाठिंबा दिला तो एका वयोवृद्ध नेत्याने. रुमानिया तटस्थ राहिली. राजा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारला, आणि १९१६मध्ये त्याचा देश ऑस्ट्रियाविरुद्धच लढाईत उतरला.

आता प्रश्न असा, की ज्या तहांत ग्रीसला, इटलीला आणि रुमानियाला ओढून नेण्याचे बळ नव्हते, ते जर्मनीसारख्या बलाढ्य राष्ट्राला फरफटत नेऊ शकले, हे कोणत्या तर्कात बसते?

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यातील १८७९चा करार बिस्मार्कने केला होता. त्यातले मुख्य कलम स्पष्ट आहे: दोहोंपैकी एकावर रशियाने हल्ला केला, तर दुसऱ्याने सर्व सामर्थ्यानिशी मदत करावी. ऑस्ट्रियाने स्वतः होऊन शेजाऱ्यावर चाल केली तर जर्मनीने काय करावे, याविषयी कराराने जर्मनीवर कोणतेही ओझे टाकलेले नाही. हा फरक बर्लिनला आणि व्हिएन्नालाही नीट माहीत होता, कारण त्याची परीक्षा नुकतीच झाली होती. १९१३मध्ये ऑस्ट्रियाला सर्बियावर हात उगारायचा होता. जर्मनीने त्याला आवरले. इटलीनेही हा आक्रमणाचा प्रकार आहे, करारात बसत नाही, असे कळवले. पुढे जोलिटी यांनी डिसेंबर १९१४मध्ये इटलीच्या संसदेत ही हकीकत उघड केली. तोच करार, तेच देश, तोच सर्बिया. १९१३मध्ये ज्या कराराने शांतता राखू दिली, त्यानेच १९१४मध्ये युद्ध ‘घडवले’, असे म्हणायचे असेल तर मधल्या वर्षात कराराचा कागद बदलला होता काय? बदलला होता तो माणसांचा विचार.

५ जुलै १९१४. व्हिएन्नाचे दूत काउंट होयोस बर्लिनला पोहोचले. ऑस्ट्रियाच्या राजदूताने पॉट्सडॅमच्या राजवाड्यात सम्राट फ्रान्झ योसेफचे पत्र कैसरच्या हाती दिले. भोजनानंतर कैसरने सांगितले, की ऑस्ट्रियाने काहीही केले आणि त्यातून रशियाशी गाठ पडली, तरी जर्मनी पाठीशी उभी राहील. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि कैसर नॉर्वेच्या किनाऱ्याकडे आपल्या नेहमीच्या जलविहारास निघून गेला. इतिहासात हा प्रसंग ‘कोरा धनादेश’ म्हणून ओळखला जातो. कोऱ्या धनादेशावर सही करण्याची सक्ती जगातला कोणताही करार करत नाही.

व्हिएन्नात पुढे जे घडले ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण ‘घटनांचा वेग आवरेना’ ही दुसरी लाडकी थाप तिथेच उघडी पडते. ७ जुलैला मंत्रिमंडळाची बैठक झाली. परराष्ट्रमंत्री बेर्श्टोल्ड आणि सेनाप्रमुख कॉनराड युद्धासाठी उतावीळ होते. विरोध केला तो हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी त्यांनी सम्राटाला निवेदन पाठवून बजावले, की सर्बियावरच्या हल्ल्यातून महायुद्ध उद्भवेल. म्हणजे परिणाम काय होणार हे कोणाला दिसत नव्हते, असेही नाही. १४ जुलैला टिसा नमले. सर्बियाचा मुलूख गिळंकृत करायचा नाही, एवढे आश्वासन त्यांनी पदरात पाडून घेतले.

मग खलिता लगेच का गेला नाही? एक तर बरेच सैनिक पिकांच्या कापणीसाठी रजेवर होते. दुसरे, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे रशियाच्या भेटीवर होते. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना खलिता पोहोचला तर दोन्ही मित्र समोरासमोर बसून सल्लामसलत करतील, म्हणून त्यांची बोट बंदर सोडेपर्यंत थांबायचे ठरले. २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता निर्वाणीचा खलिता बेलग्रेडमध्ये दिला गेला. मुदत ४८ तास. खुनानंतर पंचवीस दिवस गेले होते. याला घाईगर्दीत घडलेला अपघात म्हणणाऱ्यांनी अपघाताची व्याख्या एकदा सांगावी.

खलित्यातील अटी नाकारल्या जाव्यात अशाच बेताने लिहिल्या होत्या. सर्बियाने तरीही बहुतेक मागण्या कमीअधिक प्रमाणात मान्य केल्या. खुनाच्या न्यायालयीन तपासात ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना सामील करून घेण्याची मागणी मात्र नाकारली. २५ जुलैला मुदत संपण्याच्या सुमारास पंतप्रधान पाशिच यांनी उत्तर आणून दिले. ऑस्ट्रियाचे वकील गीझल यांनी ते चाळले आणि अर्ध्या तासाच्या आत ते गाडीत बसून बेलग्रेड सोडून गेले. सामान आधीच बांधून तयार होते.

जलविहाराहून परतलेल्या कैसरने २८ जुलैच्या सकाळी सर्बियाचे उत्तर वाचले. त्याचा शेरा असा, की आता युद्धाचे कारणच उरलेले नाही. फक्त बेलग्रेड ताब्यात ठेवून वाटाघाटी कराव्यात, असे त्याने सुचवले. ही सूचना बेथमान यांनी रात्रीपर्यंत अडवून ठेवली आणि पाठवली तीही तिची धार बोथट करून. तोपर्यंत ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले होते. सम्राटाच्या सहीसाठी मांडलेल्या कागदात बेर्श्टोल्ड यांनी सर्बियन सैन्याने तेमेश-कुबिन येथे गोळीबार केल्याचा हवाला दिला होता. बातमीत तथ्य नव्हते. सही झाल्यावर तो उल्लेख वगळण्यात आला.

रशियाला यातून निर्दोष सोडण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियाच्या आततायीपणाला आंशिक जमवाजमव हे एक उत्तर होते. सर्वंकष जमवाजमव हे दुसरे, आणि त्याचा अर्थ जर्मनीला थेट आव्हान. २९ जुलैच्या रात्री झार निकोलसने कैसरची तार वाचून सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला होता. (हे दोघे भाऊबंद एकमेकांना इंग्रजीत तारा करीत आणि खाली ‘विली’ व ‘निकी’ अशी सही करीत.) एका माणसाने हुकूम मागे घेतला आणि यंत्र थांबले, हे विसरू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी झारचे मन वळवले आणि हुकूम पुन्हा सुटला. फ्रान्सचे राजदूत पालेओलॉग या काळात रशियाला धीर धरण्याचा उपदेश करण्याऐवजी पाठिंब्याची ग्वाही देत होते.

त्याच दिवशी बर्लिनमध्ये आणखी एक चमत्कार चालू होता. चॅन्सेलर व्हिएन्नाला सबुरीचा सल्ला देत होते, आणि सेनाप्रमुख मोल्टके त्याच व्हिएन्नाला रशियाविरुद्ध ताबडतोब जमवाजमव करा म्हणून तार करीत होते. बर्लिनमध्ये राज्य नक्की कोणाचे आहे, असा प्रश्न बेर्श्टोल्ड यांनाही पडला.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. ज्या ऑस्ट्रियाच्या रक्षणासाठी हे युद्ध, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध कधी पुकारले? ६ ऑगस्टला. तोवर जर्मन फौजा बेल्जियममध्ये लीएजच्या किल्ल्यांपाशी लढत होत्या. मित्राच्या हाकेला ओ देऊन धावणाऱ्याने मित्राच्या आधी पाच दिवस पोहोचावे, हा मैत्रीचा अजब नमुना आहे.

बेल्जियम कोठून आला? कोणत्याही तहातून नव्हे. जर्मन सेनाधिकाऱ्यांनी ठरवले होते, की रशियाशी युद्ध झाले तरी पहिला घाव फ्रान्सवर घालायचा आणि तोही बेल्जियममधून. केवळ पूर्वेकडच्या मोहिमेची स्वतंत्र योजना १९१३पासून बाजूला टाकली होती. १ ऑगस्टच्या संध्याकाळी, ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवील अशी आशा दाखवणारी तार लंडनहून आली तेव्हा, कैसरने सारे सैन्य पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. ते अशक्य आहे, असे उत्तर मोल्टके यांनी दिले. युद्धानंतर जर्मन सेनेतील जनरल स्टाब्स यांनी, ते शक्य होते, असे दाखवण्यासाठी पुस्तक लिहिले.

आणि फ्रान्स? रशियाशी त्याचा खराखुरा करार होता, १८९४पासून. तटस्थ राहणार काय, असे जर्मनीने विचारले तेव्हा पंतप्रधान व्हिव्हियानी यांनी दिलेल्या उत्तरात कराराचा उच्चारही नव्हता. फ्रान्स आपल्या हितसंबंधांनुसार वागेल, एवढेच ते म्हणाले. फ्रेंच फौजा सरहद्दीपासून दहा किलोमीटर मागे ठेवल्या होत्या. अखेर ३ ऑगस्टला जर्मनीनेच फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, फ्रेंच विमानांनी न्युरेनबर्ग परिसरात बॉम्ब टाकल्याची खोटी सबब सांगून.

ब्रिटनपाशी साखळीचा सिद्धान्त पुरता लंगडा होतो. फ्रान्सशी १९०४ची आणि रशियाशी १९०७ची समजूत होती. ती मुख्यतः आफ्रिका, इराण, अफगाणिस्तान, तिबेट येथील भांडणे मिटवण्यासाठी. युद्धात मदत करण्याचे वचन त्यांत नाही. नोव्हेंबर १९१२मध्ये परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबाँ यांनी पत्रे लिहून नमूद केले होते, की सेनाधिकाऱ्यांच्या चर्चांमुळे कोणतेच सरकार बांधील होत नाही. २ ऑगस्टपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळ दुभंगलेले होते. मोर्ली आणि बर्न्स या दोन मंत्र्यांनी पुढे राजीनामेही दिले. तहाने बांधलेल्या मंत्रिमंडळात अशी फूट पडायला वाव कुठे असतो?

पण बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ची हमी होती ना, असे कोणी विचारील. होती. आणि त्या हमीवर प्रशियाचीही सही होती! म्हणजे तह माणसांना हलवत असते, तर जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलेच नसते. आणखी पाहा: लक्झेम्बर्गच्या तटस्थतेची हमी १८६७मध्ये ब्रिटनसह साऱ्या महासत्तांनी दिली होती. २ ऑगस्टला जर्मन फौजा तिथे शिरल्या. ब्रिटनने त्यासाठी बोटही उचलले नाही. ती हमी सामूहिक होती, एकट्याने पाळण्याची नव्हती, असा अर्थ आधीपासूनच लावून ठेवला होता. समुद्रापलीकडे, लंडनच्या दाराशी असलेला बेल्जियम आणि आतल्या बाजूचा चिमुकला लक्झेम्बर्ग यांच्यातील फरक तहाच्या भाषेत शोधण्यापेक्षा नकाशात शोधावा.

युरोपबाहेरची उदाहरणे थोडक्यात. जपानचा ब्रिटनशी १९०२पासून करार होता, आणि तो युद्धात उतरला खरा. पण ब्रिटनला जपानकडून हवी होती मर्यादित नाविक मदत, आणि जपानला हवे होते चीनमधील जर्मनांचे त्सिंगताव. करार निमित्त झाला. उलट पोर्तुगाल हा ब्रिटनचा चौदाव्या शतकापासूनचा मित्र, तरी त्याचे जर्मनीशी युद्ध जुंपले ते मार्च १९१६मध्ये, बंदरांत अडकलेली जर्मन जहाजे त्याने जप्त केल्यावर. त्यांतली काही गोव्याच्या मुरगाव बंदरात होती.

तर मग मैत्रीकरारांना काहीच महत्त्व नव्हते काय? होते. फ्रेंच कर्जामुळे रशियाचे लोहमार्ग वाढत होते आणि ते पाहून जर्मन सेनाधिकारी ‘आज नाही तर पुन्हा नाही’ अशा मनःस्थितीत पोहोचले होते. एकुलता एक भरवशाचा मित्र हातचा जाईल, ही भीती बर्लिनला होती. रशिया दुरावेल, ही पॅरिसला. करारांनी भीतीला आकार दिला आणि युद्ध पेटल्यावर त्याचा विस्तार ठरवला. परंतु भीती वाटणे आणि सही करणे यांत अंतर असते. १९०८, १९११, १९१२ आणि १९१३ या चारही वर्षी हीच भीती होती, हेच गट होते, आणि महायुद्ध झाले नाही.

साखळीची कथा मग इतकी लोकप्रिय का झाली? कारण ती सर्वांना सोयीची होती. लॉइड जॉर्ज १९१४मध्ये अर्थमंत्री होते, पुढे पंतप्रधान झाले. त्यांनीच आपल्या युद्धस्मृतींत, राष्ट्रे घसरत घसरत उकळत्या कढईत पडली, अशा आशयाचे चित्र रंगवले. घसरण्याला न्यायालयात शिक्षा नसते. जर्मनीत व्हर्सायच्या तहातील युद्धदोषाच्या कलमाविरुद्ध मोहीम चालवणाऱ्यांनाही हेच हवे होते: सगळेच थोडे थोडे दोषी, म्हणजे कोणीच दोषी नाही. अलीकडे ख्रिस्तोफर क्लार्क यांच्या २०१२च्या ग्रंथाच्या नावातील ‘झोपेत चालणारे’ ही प्रतिमा उचलून पुन्हा तेच गायले जाते. ज्यांनी नावापलीकडची पाने उलटली आहेत, त्यांना तिथे अत्यंत जागे, हिशेबी आणि धूर्त लोक भेटतात.

हा वाद युरोपपुरता आहे असे मराठी वाचकाने समजू नये. तुर्कस्तानने २ ऑगस्ट १९१४ला जर्मनीशी गुप्त तह केला, पण तो लढाईत उतरला ऑक्टोबरअखेर, काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर तोफा डागून. हे कृत्य न पटल्यामुळे काही तुर्की मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्या एका निर्णयामुळे ‘पूना डिव्हिजन’ मेसोपोटेमियात उतरली. २९ एप्रिल १९१६ला कूत येथे उपासमारीने टेकीला आलेल्या सुमारे १३,००० सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते, आणि कैदेतून परत न आलेल्यांची संख्या मोठी आहे. हिंदुस्थानने कोणाशीच तह केलेला नव्हता. व्हाइसरॉयने जाहीर केले आणि देश युद्धात गेला. सातारा आणि कोकणातील काही गावांत आजही संगमरवरी पाट्या आढळतात: या गावातून महायुद्धास किती माणसे गेली, किती परतली नाहीत. त्या माणसांना ‘करारांनी’ नेले असे शिकवणे म्हणजे पॉट्सडॅमच्या त्या भोजनाला इतिहासातून वगळणे आहे.

राहता राहिले टिसा. ७ जुलैच्या बैठकीत एकट्याने ‘नको’ म्हणणाऱ्या या माणसाने १४ जुलैनंतर आपल्या विरोधाविषयी चकार शब्द बाहेर काढला नाही आणि तीन वर्षे संसदेत त्याच युद्धाची तळी उचलली. त्या बैठकीची इतिवृत्ते प्रसिद्ध झाली ती युद्ध संपल्यानंतर. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी बुडापेस्टमध्ये काही सशस्त्र सैनिक त्यांच्या घरात शिरले, युद्ध तुमच्यामुळे झाले असे म्हणाले आणि त्यांना गोळ्या घातल्या.